रूबीचं बोलणं

"गाणी नकोत," शेवंतामावशी म्हणाल्या. "गान्याच्या चौदा कॅसेटी घरात पडल्यात. मला तिचं बोलनं पायजे. दोन शब्द आसले तरी चालतील."

मी स्टुडिओच्या कुलुपात किल्ली तशीच धरून उभी राहिले. सकाळचे साडेनऊ झाले होते. मावशींच्या खांद्यावर त्यांची पाच वर्षांची नात होती, मिनू. ती झोपलेली नव्हती. डोळे उघडे होते, पण मान ओल्या फडक्यासारखी आजीच्या खांद्यावर टाकलेली. हाताच्या पाठीवर सलाईनच्या सुईची चिकटपट्टी अर्धी सुटून लोंबत होती.

"हिनं काही खाल्लं का?" मी विचारलं.

"सोमवार सकाळपासून अन्नाचा कण न्हाई. आज गुरुवार. नुसतं पानी पिती. दवाखान्यात सुई लावली, ती हिनं दोन येळा उपटून फेकली. तिसऱ्यांदा शीर घावंना. डॉक्टर म्हनले, आज दिवस मावळेपर्यंत पोटात काही गेलं न्हाई तर नाकातून नळी घालू. तेवढी ताकद न्हाई वो बाई हिच्यात."

सोमवारी पहाटे उल्हासनगरचा कार्यक्रम करून परतताना कसाऱ्याच्या घाटात गाडी उलटली आणि मावशींची लेक रूबी गांगुर्डे गेली. चेहरा बघण्यासारखा राहिला नव्हता, म्हणून तिला बांधूनच आणलं आणि तशीच नेली. मिनूला कुणी जवळ जाऊ दिलं नाही. आई कार्यक्रमाला गेलीय, असं सांगितलं. त्या वयाची मुलं ऐकतात आणि विश्वास ठेवतात, असं मोठ्यांना वाटतं.

ह्याला आता सत्तावीस वर्षं झाली. रूबी म्हणजे काय होतं हे आजच्या पोरांना सांगून कळायचं नाही. मराठीत पॉप गाणारी, काळा गॉगल लावणारी, रिक्षावाल्यापासून कॉलेजच्या मुलींपर्यंत सगळ्यांना आपलीच वाटणारी. तिचं खरं नाव सिंधू. सिंधू नावाच्या बाईची पॉपची कॅसेट कोण घेणार, असा प्रश्न आमच्या टिपणीससाहेबांना पडला, आणि त्यांनीच तिची रूबी केली. टिपणीससाहेब म्हणजे आमच्या स्वरमोहर कॅसेट कंपनीचे मालक. मी त्यांच्याकडे टेप कापायला होते.

हे काम आता कुणी करत नाही, म्हणून सांगते. तेव्हा गाणं मोठ्या रिळावर रेकॉर्ड व्हायचं. गाणं नीट जमेपर्यंत चार-पाच टेक व्हायचे, आणि त्यांच्या मधे जे काही घडायचं, म्हणजे खोकला, चहाची ऑर्डर, हार्मोनियमवाल्याची कुरकुर, गाणारीचं बोलणं, ते सगळं मी ब्लेडनं कापून काढायची. टोकाला टोक चिकटवलं की झालं निर्मळ गाणं. माझी वही असायची. काय कापलं, किती सेकंद, कुठल्या तारखेला, सगळं त्यात. माझा हात असा होता की सांधा कुठं आहे हे मलासुद्धा नंतर सापडायचं नाही. रूबी मला "कात्री" म्हणायची.

माणसांच्या बाबतीतही मला तीच खोड, टिपून ठेवायची. अंत्ययात्रेला कोण किती रडलं ते मला विचारा. फोटोग्राफर आल्यावर रडू फुटलेले नऊ. त्यातले दोघे फोटो झाल्यावर "आमचा येईल ना?" म्हणून विचारून आले. एका नगरसेवकांनी तिची सहा गाणी नावानिशी सांगितली, त्यातली दोन तिची नव्हतीच. खरोखर रडलेले असंख्य, ते सगळे गेटाबाहेर. मी रडले नव्हते. तेही मी मनात टिपून ठेवलं होतं.

"घरी काही नाही का?" मी मावशींना आत बसवत म्हटलं. "तिनं स्वतः काही टेप केलेलं?"

"घरातला टेप नुसता वाजवायचाय. त्याच्यात भरता येत न्हाई. कॅसेट लावली तर ही म्हनती, हे गानं हाय. आई कुठंय? मी म्हनलं, आगं ही आईच गाती. तर म्हनती, न्हाई, ही कॅसेटमधली बाई. आई बोलती. माझ्या आईला बोलव."

मिनूनं डोळे माझ्याकडे वळवले. आपल्याविषयी चाललंय एवढं तिला कळत होतं. तिचे ओठ सुकून त्यांना पापुद्रे आले होते.

"मंग मला आठवलं," मावशी म्हणाल्या, "सिंधू घरी येऊन सांगायची, आमची कात्री माझं समदं बोलनं कापून टाकती. सात वर्षं कापलंत ना बाई? कुठं टाकलंत?"

त्यांनी तक्रार केली नव्हती. बाजारात विचारावं तसं विचारलं होतं, अमुक कुठं मिळेल.

तेवढ्यात टिपणीससाहेब आले. हातात हार होता, तो त्यांनी भिंतीवरच्या रूबीच्या पोस्टरला घातला आणि मावशींना बघून चेहरा आणखी पाडला.

"करंजकरबाई, श्रद्धांजलीची कॅसेट आज संध्याकाळी मुंबईला जायला हवी. दहाव्याच्या आत बाजारात आली पाहिजे. लोक विचारतायत." मग मावशींकडे वळून, "आमची पण ती मुलगीच होती हो."

मी त्यांना मावशी कशाला आल्यात ते सांगितलं.

"बोलणं?" ते गोंधळले. "रूबीचं बोलणं कुठून असणार?"

त्यांनाच ठाऊक असणार. बोलू तर तेच द्यायचे नाहीत. तू गा, नाच, हस, पण बोलू नकोस. तू तोंड उघडलंस की रूबी जाते आणि सिंधू येते, असं ते माझ्यासमोर तिला म्हणाले होते. स्टेजवर तिच्या वतीनं निवेदक आभार मानायचा. एकदा मुलाखत झाली, तिची उत्तरं साहेबांनीच दिली. ती दोनदा हसली, तेवढाच तिचा सहभाग.

"ते कापलेले तुकडे आपण ठेवतो का?" त्यांनी मला विचारलं.

"नाही. पोत्यात भरतो आणि मखमलाबादला देतो. द्राक्षवाल्यांना."

"मग गेलंच ते," साहेब म्हणाले. "मावशी, मी तुम्हाला तिच्या सगळ्या गाण्यांचा एक नवा संच देतो. सप्रेम."

मावशी त्यांच्याकडे बघतसुद्धा नव्हत्या. त्या मला म्हणाल्या, "द्राक्षवाले काय करत्यात त्याचं?"

"पाखरांना भिववायला बांधतात. बागेवर."

"मंग बागेवरच आसंल की अजून. चला."

"मावशी, उन्हात चार महिने..."

"चला म्हनते ना!" त्या उठल्या. पोर खांद्यावर घेताना त्यांचा तोल गेला, पण त्यांनी मला हात लावू दिला नाही.

मी वही घेतली. साहेब म्हणाले, "आणि श्रद्धांजली?" मी म्हटलं, "तिकडेच चाललेय." पहिल्यांदाच त्यांना उलट बोलले असेन. रिक्षात बसल्यावर लक्षात आलं की माझा डबासुद्धा टेबलावर राहिला होता.

रिक्षात मी वही उघडली. शेवटचं पोतं दिवाळीच्या आधी गेलं होतं. त्यात रूबीच्या नवरात्रातल्या रेकॉर्डिंगचे तुकडे होते, पण त्याच पोत्यात एका भजनी मंडळाचे होते, लावणीवाल्यांचे होते, एका शाळेच्या स्वागतगीताचेसुद्धा. रूबीचे एकूण चव्वेचाळीस तुकडे. सहा मिनिटं अकरा सेकंद. सात वर्षांतलं तेवढंच कुठंतरी असण्याची शक्यता होती. बाकीचं आधीच्या हंगामांत कुजून मातीला मिळालं होतं.

"किती हाय?" मावशींनी विचारलं.

"सहा मिनिटं."

"लई झालं," त्या म्हणाल्या, आणि मिनूच्या कानाशी वाकल्या. "आईचं बोलनं आनाया चाललोय बरं का."

मिनूनं डोळे मिटले.

सोपान पिंगळ्यांची बाग गावाच्या अलीकडेच होती. द्राक्षं भरली होती. ओळींच्या वर, या खांबापासून त्या खांबापर्यंत, आमची टेप ताणून बांधलेली. वारा आला की सगळी बाग एकदम घूं करायची आणि साळुंक्यांचा थवा बांधापलीकडे उठायचा. मी हे पोतं सात वर्षं देत होते, पण बागेत कधी आले नव्हते.

मावशी वर बघत उभ्या राहिल्या. एकीकडून दुसरीकडे मान वळवून त्यांनी ते घूं ऐकलं.

"यातलं कंचं तिचं?" त्यांनी मला विचारलं.

पिंगळे टोपी सारखी करत आले. "काय ताई, आज इकडं कुणीकडं? माल चालू व्हायला आठ दिवस हायेत अजून."

"टेप परत हवीय, पिंगळे."

"परत?" ते हसले. "आवो, पाखरं बागेचं पार चिपाड करतील! तोडा तोंडावर आलाय. नवी आनून द्या, मंग न्या जुनी."

"नवी नाही. हीच हवी. आणि आत्ता."

"का? सरकारनं मागितली का काय?"

मी सांगायला लागले, पण माझं सांगणं सरळ होईना. तेव्हा मावशींनीच सांगितलं. चार वाक्यांत. माझी लेक रूबी गांगुर्डे. ती मेली. ही तिची पोर, जेवत न्हाई. तुमच्या बागेवर तिचं बोलनं बांधलंय.

पिंगळ्यांनी टोपी काढली. मग वर टेपकडे बघितलं, मग पोरीकडे. त्यांची बायको ओळीतून बाहेर आली होती, ती तोंडावर पदर धरून उभी राहिली.

"आगं, विळा आन," पिंगळे तिला म्हणाले. "आन तेलाचा रिकामा डबा घेऊन बस बांधावर. आजपासून तूच पाखरं हाकायची."

"हाकीन की," ती म्हणाली. "आधी त्या लेकराला सावलीला घ्या."

आम्ही पहिली दोरी उतरवली. टेप पांढरट पडली होती. बोटांत धरून ओढली की तांबडी भुकटी सुटून हाताला लागायची. त्या भुकटीतच आवाज असतो. ती गेली की उरते ती नुसती फीत. दोन खांबांमधली सगळी टेप तशीच झाली होती. मी पाच ओळी बघितल्या, सहावी बघितली.

"काय झालं?" मावशी झाडाखालून म्हणाल्या.

"काही नाही. बघतेय."

"बाई, खोटं नका बोलू. येळ न्हाई आपल्याकडं."

तेव्हा मला खांब दिसला. पिंगळ्यांच्या गड्यांनी प्रत्येक खांबाला टेप वीस-पंचवीस वेढे गुंडाळून गाठ मारली होती, वाऱ्यानं सुटू नये म्हणून. मी वरचे वेढे काढले. ते पांढरे होते. खालचे तपकिरी निघाले, सगळ्यात आतले तर काळेशार, चकचकीत. तिथं ऊन पोचलंच नव्हतं.

एका सेकंदाला साडेसात इंच टेप जाते. एक हातभर टेप म्हणजे जवळपास अडीच सेकंद. एका खांबावर आतले दहा-बारा वेढे धरले तरी पंधरा-सोळा सेकंद. मी ओरडलेच, "पिंगळे, खांब! खांबावरचे सोडा, तोडू नका, गुंडाळा!"

तीन तास आम्ही ते करत होतो. पिंगळे, त्यांचे दोन गडी आणि मी. प्रत्येक गुंडाळीला चिठ्ठी बांधून नंबर घातला. बांधावर पिंगळीणबाई डबा बडवत होती. मधेच मिनूला तिनं साखरपाणी पाजायला बघितलं. मिनूनं तोंड फिरवलं आणि ते सगळं मानेवरून खाली गेलं. मावशींनी ते पदरानं पुसलं. त्यानंतर मिनूनं साधं पाणीही घेतलं नाही.

एकतीस गुंडाळ्या झाल्या. पिंगळ्यांनी स्वतःच्या मोटारसायकलवरून गुंडाळ्यांची पिशवी आणि मला आणलं. मागून रिक्षात मावशी. स्टुडिओत पोचलो तेव्हा पावणेचार झाले होते. सूर्य मावळायला अडीच तास.

टिपणीससाहेब मशीनजवळ श्रद्धांजलीच्या गाण्यांची यादी घेऊन बसले होते. मी त्यांचं रीळ उतरवून बाजूला ठेवलं.

"अहो, करंजकरबाई!"

"साहेब, कापूस आणि स्पिरिट घ्या. मी देते ते तुकडे पुसून द्या. हलक्या हातानं."

का कोण जाणे, ते बसले आणि पुसू लागले.

मावशी चटईवर भिंतीला टेकून बसल्या, मांडीवर मिनू. मी एकेक तुकडा जोडून लावत गेले.

पहिल्यात काहीच नव्हतं. दुसऱ्यात भजनी मंडळाचे बुवा तबलजीला म्हणाले, "अरे, देव ऐकतोय, जरा ठेक्यात वाजव." तिसऱ्यात कोणीतरी नाक शिंकरलं. चौथा उलटा लागला, भुतासारखा. सुलटा केला तेव्हा शाळेच्या बाई निघाल्या, "मुलांनो, सू करून या आधी." एरवी मी हसून लोळले असते. मावशी प्रत्येक आवाजाला पुढे झुकायच्या आणि मग मागे टेकायच्या. मिनू हलत नव्हती.

"नवव्यात सिंधू हाय का?"

"नाही मावशी."

"धाव्यात?"

दहाव्यात ती होती. हसण्याचा एक तुकडा, पाऊण सेकंद. मी चारदा लावला. मावशींनी तोंडात पदर कोंबला. मिनूनं डोळेसुद्धा उघडले नाहीत. रूबीचं हसणं चौदाही कॅसेटींत होतं, साहेबांनी मुद्दाम घालायला लावलेलं. हसणं म्हणजे पोरीच्या लेखी कॅसेटमधली बाईच.

अकरा, बारा, तेरा. लावणीवाली कुणाच्या तरी सासूबद्दल बोलत होती. चौदा ते अठरा कोरे. बाहेर ऊन उतरत होतं. एकोणीस लावायच्या आधी मावशी म्हणाल्या, "बाई, हिचं अंग गार लागतंय."

साहेबांनी स्वतःचा कोट काढून पोरीवर घातला. मग ते भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. त्यांचे खांदे हलत होते. खोलीत फोटोग्राफर नव्हता.

बावीस नंबर मी लावला आणि रूबीचा आवाज आला. लगेच मी स्पीकर बंद केला आणि हेडफोन कानाला लावला. सवय. आधी आपण ऐकायचं, मग ठरवायचं. कोपऱ्याच्या जाड खांबावरची गुंडाळी, म्हणून बाकीच्यांहून लांब, अडतीस सेकंद होती. पूर्ण ऐकली. मग टेप मागे घेऊन पुन्हा ऐकली. मग माझा हात ब्लेडकडे गेला.

मावशी माझं तोंड बघत होत्या.

"तीच ना?"

"हो."

"मंग लावा की!"

"लावते. थोडं कापावं लागेल."

"काय कापता?"

"मावशी, ती रागावलीय. मिनूवरच. रेकॉर्डिंग चालू असताना ही दार वाजवत असावी. फार वाईट बोललीय."

"काय म्हनली?"

मी हेडफोन त्यांच्या कानाला लावला. त्यांनी ऐकलं. त्यांच्या डोळ्यांतून पाणी गालावर आलं, आणि तोंडावर, मी शपथेवर सांगते, हसू आलं.

"आशीच बोलायची ती," त्या म्हणाल्या.

"म्हणूनच म्हणते. मी दोन शब्द काढते. सांधा कळणार नाही. दोन मिनिटांचं काम आहे."

"आन मंग ऱ्हाईल ती कोन?" मावशी म्हणाल्या. "ती पन कॅसेटमधलीच बाई. न्हाई बाई. एक शब्द कापायचा न्हाई. शिव्या आसल्या तर शिव्या ऐकू द्या पोरीला."

मी ब्लेड खाली ठेवलं. माझ्या आयुष्यात मी एवढंच न कापता सोडलं. स्पीकरचं बटण वर केलं.

"थांबा, थांबा मास्तर," रूबी म्हणाली. खोलीभर. खरखर होती, पण तिच्यामागून सरळ सिंधूच बोलत होती, हेल काढून, नाकात. "कोन ठोकतंय दार? मिने! किती येळा सांगितलं गं तुला, आत यायचं न्हाई म्हनून? जीव खाल्लास माझा. मर तिकडं जाऊन! पायरीवर बस, आन आवाज केलास तर बघ. आई, धर गं हिला. माझं झालं की येते ना भाईर. जा. जा म्हनते ना! ... ए कात्री, हे कापून टाक बाई. हं, मास्तर, घ्या परत, टेक चार."

मग दार लागल्याचा आवाज, आणि टेप संपली.

मिनूचे डोळे उघडे होते. ती हसली नाही, रडली नाही, आई म्हणून हाक मारली नाही. कोट अंगावरून खाली सरकवला. आजीच्या मांडीवरून उतरली. एकदा खाली बसली, हातावर जोर देऊन पुन्हा उठली. मावशी धरायला गेल्या तर तिनं बोट ओठांवर ठेवलं. भिंतीला धरून ती दारापर्यंत गेली. आमचं दार जाडजूड, आतून गादी मारलेलं. तिला ते ओढवेना. साहेबांनी ओढून धरलं. ती बाहेर गेली आणि जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसली, गुडघे जवळ घेऊन, भिंतीच्या बाजूला सरकून. येणाऱ्याजाणाऱ्याला वाट राहील अशी. ती जागा तिची ठरलेली होती, हे बघणाऱ्याला कळत होतं.

मी सात वर्षं त्या दाराच्या आत बसत होते. दाराला वीतभर काच आहे. तिच्यातून ती पायरी दिसते. मी कधी बघितलं नव्हतं. माझ्या वहीत मात्र ती होती. नंतर मी मोजलं. "बाहेर मूल, चार सेकंद, कापले." "बाहेर मूल, दोन सेकंद, कापले." असं एकवीस वेळा.

मावशी तिच्या शेजारी बसल्या. मला त्यांनी हातानं खुणावलं. मी वाकले.

"डबा," त्या अगदी हळू म्हणाल्या. "सिंधू आत आसली की मी हिला हितं बसून डबा चारायची. काही हाय का?"

माझा डबा टेबलावर होता, सकाळपासून तसाच. दहीभात होता. मी आणला. मावशींनी बोटभर भात मळून तिच्या ओठांशी धरला. मिनूनं आधी दाराकडे बघितलं. मग तोंड उघडलं.

तिला गिळायला वेळ लागला. घसा कोरडा पडला होता. मावशींनी पाणी पाजलं, मग दुसरा घास. मी डब्याचं झाकण हातात धरून उभी होते. माझ्यामागे साहेब उभे होते. तिसऱ्या घासाला ठसका लागला आणि तिनं घाबरून दोन्ही हातांनी तोंड दाबलं. आवाज होऊ नये म्हणून. ठसका आतच जिरवला. डोळे पाण्यानं भरले, तरी हात काढले नाहीत.

"खोक गं, खोक," मावशी म्हणाल्या.

मिनूनं मान हलवली. "टेक चालूये," ती कुजबुजली. सकाळपासून पहिल्यांदा तिच्या तोंडून शब्द आला होता.

मावशींनी माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत विनवणी होती, आणि एक धाकही होता. आता बोलाल तर विचार करून बोला, असा.

मिनू माझ्याकडे वळली. "झालं का आईचं?"

डबा अजून जवळजवळ भरलेलाच होता.

"नाही गं," मी म्हणाले. "अजून एक टेक आहे."

तिनं समजूतदारपणे मान डोलावली आणि आजीपुढे तोंड उघडलं.

मग मला आत जावंच लागलं. मी बाहेर उभी असताना टेक चालू राहत नाही, हे कळण्याएवढे दिवस ती त्या पायरीवर बसली होती. साहेबांनाही मी आत ओढलं आणि दार लावून घेतलं. मशीनसमोर बसले. पुढे गाण्याची खोली, तिच्यात माइक, माइकसमोर कुणी नाही. मागे दाराची काच. घास गिळला की पोर टाचा उंच करून काचेतून आत बघत होती. तिला तिथून माइक दिसत नव्हता, फक्त मी दिसत होते.

"आता?" साहेबांनी विचारलं.

मी हेडफोन चढवला, बटण दाबलं, कोरी टेप सोडली. मग हात वर केला आणि रिकाम्या खोलीकडे बघून खूण केली. घ्या.